बुटांवरची वेणी

"पायातले ते काढ," शोभाताई म्हणाल्या आणि त्यांनी खोलीच्या दाराला आतून कडी घातली.

मंगल कार्यालयात वधूपक्षाला देतात तसली ती खोली होती. एक आरसा, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी आधीच्या लग्नातल्या अक्षता. माझा साखरपुडा जेमतेम अर्ध्या तासावर आला होता. मी मोरपंखी पैठणी नेसले होते, नाकात नथ होती, हातभर बांगड्या होत्या, आणि पायात मी स्वतः केलेले स्नीकर्स होते. शोभाताई माझ्या होणाऱ्या सासूबाई. त्यांनी काखेतला खोका उघडला आणि सोनेरी सँडलचा जोड माझ्यापुढं ठेवला.

"कौस्तुभला विचारून तुझ्या मापाचे आणलेत. घाल."

"मी हेच घालणार आहे," मी म्हणाले.

त्या बुटांबद्दल सांगायला हवं. दिसायला ते कॉलेजातली पोरं घालतात तसेच, पांढऱ्या कापडाचे आणि जाड रबरी तळाचे. पण नाडीच्या जागी मी कातड्याची वेणी आडवी बसवली होती, कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर असते तीच. दोन्ही अंगांना वेणीची टोकं अडकवायचे कातड्याचे कान, पुढं लाल गोंडा. कोल्हापुरात आमचं घर चपला करणाऱ्यांचं. आम्ही चर्मकार, आणि पणजोबांपासून घरात दुसरा धंदा नाही. माझे वडील, म्हणजे आण्णा, कातडं कापणार, तळ शिवणार. पण वेणी घालणं आमच्यात बायकांचं काम. पुरुषांनी त्यात हात घालायचा नाही आणि घातला तरी ती जमायची नाही. आई गेली तेव्हा माझी निम्मी वेणी शिकून झाली होती. उरलेली निम्मी मी पुण्याच्या भाड्याच्या खोलीत आठवून आठवून जमवली.

मी बुटांचं डिझाइन शिकले आणि एका बुटांच्याच कंपनीत लागले. तिथं सगळे विचारायचे, तुझ्या बुटांवर हे काय गं नवीन? माझं आडनाव आहे ते, असं मी सांगायची. लोक हसायचे, मीही हसायची, पण मी ते खरंच म्हणत होते. सातपुते या आडनावावरून पुण्यात कुणाला काही कळत नाही. बुटांवरून कळायचं, आणि कळावं असंच मला वाटायचं.

कौस्तुभ त्याच कंपनीत विक्रीच्या विभागात होता. त्यानं मात्र ते बूट पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो हसला नाही. पुढं महिनाभरानं कँटीनमध्ये चहा गार होऊ देत त्यानं सांगितलं की तोही आमच्यातलाच. त्यांचं मूळ गाव चपलांसाठी प्रसिद्ध असलेल्या कापशीकडचं. त्याच्या वडिलांनी तो शाळेत जायच्या वेळी आडनाव बदलून वडगावकर लावलं होतं. वडील वारले, आडनाव राहिलं. त्यांच्या सोसायटीत कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि आईला ते तसंच राहायला हवं होतं.

शोभाताईंनी लग्नाला नाही म्हटलं नाही. समाजातली मुलगी, शिकलेली, मिळवती. फक्त पहिल्याच भेटीत आण्णांना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. आमच्यात हातानं हे काम कुणी कधी केलेलं नाही, आमच्या वाडवडलांची दुकानदारी, ही एक. आणि पाहुण्यांना आम्ही तुमचा लेदर एक्स्पोर्टचा व्यवसाय असल्याचं सांगितलंय, तेव्हा तुम्हीही तसंच म्हणा, ही दुसरी. आण्णा तोंड भरून हसले होते. एक्स्पोर्ट तर एक्स्पोर्ट, म्हणाले, रत्नागिरीला दोन खेपा पाठवल्यात की मी. मलाही तेव्हा हसू आलं होतं. प्रेमात माणूस कशालाही हसतं.

साखरपुड्याच्या सकाळी आण्णा गाडीतून उतरले आणि माझं हसू पळालं. ते लंगडत होते. आयुष्यभर स्वतःच्या हातच्या चपलेशिवाय काही न घातलेल्या माणसाला शोभाताईंनी काळे चकचकीत बूट पाठवले होते. कोल्हापुरी करकर वाजते, सगळा हॉल वळून बघेल, असा निरोपही सोबत होता. आण्णांनी मुकाट्यानं त्यात पाय कोंबले होते. माझ्यासाठी. ते बघितलं आणि संध्याकाळी फिरायला जाताना घालायचे म्हणून पिशवीत टाकलेले स्नीकर्स मी बाहेर काढले.

"वृषाली, मी हट्ट करत नाहीये," शोभाताई आता आवाज खाली आणून बोलत होत्या. त्यांची भाषा फार नेमकी होती, एकही शब्द इकडचा तिकडे होऊ न देणारी. "बाहेर आमची सोसायटी बसलीय. कौस्तुभच्या वडिलांच्या ऑफिसातले लोक आलेत. हे बूट बघितले की पहिला प्रश्न काय येणार, तुला कळतंय ना?"

"कळतंय. त्याचं उत्तरही मला येतं."

"तुला येतं, कारण तुला ते कुणी दारात उभं करून विचारलेलं नाही." त्या खुर्चीवर बसल्या. "आम्ही खोली बघायला जायचो. घरमालक चहा द्यायचे, आडनाव विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती खोली आधीच कुणाला तरी दिलेली असायची. कडेवर पोर घेऊन मी पुण्यातल्या किती पायऱ्या उतरलेय, ते तुला नाही कळायचं. तू मिरवतेस. मिरवायला तुझ्याकडे पगार आहे."

खरं होतं ते. पण दाराबाहेर आण्णा भिंतीला टेकून एक पाय उचलून उभे असणार, हेही खरं होतं. मी एवढंच म्हणाले की कौस्तुभला बोलवा.

तो आला. गडद निळा सूट, कपाळावर घाम. त्यानं आधी माझे पाय पाहिले, मग आईचं तोंड. हेच बूट बघून हा माणूस माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलला होता. आता तो म्हणाला, "आजचा एक दिवस घाल ना सँडल. नंतर तुला हवं ते घाल, मी आहे ना."

"आज कुठं आहेस?" मी विचारलं.

तो खिशातला रुमाल काढून घाम पुसत राहिला. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. मला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि राग जास्त होता.

एवढ्यात दार वाजलं. आण्णाच होते. त्यांना बाहेर सगळं ऐकू गेलं असावं. ते आत आले, सोनेरी सँडल त्यांनी उचलले, सवयीनं तळ वाकवून बघितला आणि पुन्हा माझ्यापुढं ठेवले.

"घाल गं बाई. लगीन माणसाशी करायचंय, पायताणाशी न्हाई."

"आणि तुमच्या पायाचं काय?"

"त्याला काय होतंय. दोन दिवसांत फोड बसतोय."

मी सँडलचा जोड उचलून खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि तो शोभाताईंच्या हातात दिला. बाहेर गाणं सुरू झालं होतं. नवऱ्या मुलीनं लाल गालिच्यावरून गाण्याच्या तालावर मंचापर्यंत चालत यायचं, हे फॅड तेव्हा नवंनवं होतं. कार्यालयाचा माणूस दारावर टकटक करून गेला. कौस्तुभला मंचाजवळ जाऊन उभं राहायचं होतं. तो गेला, जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

शोभाताई माझ्या अगदी जवळ आल्या. "ठीक आहे. घालून चल. पण मंचापर्यंत साडी खाली धरायची, बूट कुणाला दिसता कामा नयेत. मंचावर पूजा आहे, तिथं ते काढायचेच आहेत. मधे दिसले, तर मी तिथंच माइक घेऊन सांगेन की मुलीकडच्यांनी नकार दिलाय. मग तुझ्या वडिलांनी या माणसांना कसं तोंड द्यायचं ते बघावं."

त्या बोलल्या ते करतील, यात मला शंका नव्हती. अब्रूसाठी ज्या बाईनं नवऱ्याचं जुनं आडनाव इतकी वर्षं पुरून ठेवलं होतं, तिला एक साखरपुडा पुरायला कितीसा वेळ लागणार?

आम्ही निघालो. माझ्या डाव्या हाताला शोभाताई, मागं आण्णा. दोन्ही बाजूंना पाहुणे उभे, प्रत्येकाच्या हातात फोन. मी निऱ्या कमरेशी सैल सोडून साडी इतकी खाली घेतली होती की काठ गालिच्यावरून लोळत होता. शोभाताई ओळखीच्या लोकांना हसून मानेनं नमस्कार करत होत्या आणि हसता हसता माझं कोपर घट्ट आवळत होत्या. पुढं मंचाच्या पायथ्याशी कौस्तुभ उभा होता. मला वाटलं, पोचले एकदाची. हे असं लपतछपत का होईना, पण माझ्या पायात माझेच बूट आहेत. एवढी मांडवली करायला मी तयार झाले होते, आणि त्याची लाजही वाटत होती.

निम्मं अंतर गेलं आणि लोळणारा काठ डाव्या बुटाच्या वेणीत गुंतला. मी पाऊल टाकलं, काठ ओढला गेला, आणि वेणीचं एक टोक कानातून सुटलं. वेणी मी माझ्या भाड्याच्या खोलीवर घाईत, कातडं न भिजवता कोरडीच घातली होती. कोरडी वेणी एका ठिकाणी सुटली की थांबत नाही. दोन पावलांत वेणीच्या सगळ्या वाद्या, कातड्याच्या बारीक पट्ट्या, मोकळ्या झाल्या, बूट पायातून निघाला आणि मी अडखळून गुडघ्यावर आले.

साडी वर गेली. बूट गालिच्याच्या मधोमध पडला, लाल गोंड्यासकट.

गाणं चालूच होतं. पुढच्या रांगेतून सोसायटीच्या चेअरमनबाई वाकून बघत कौतुकानं म्हणाल्या, अय्या, कोल्हापुरी बूट. आणखी चार माना पुढं आल्या. कुणीतरी फोन खाली धरून फोटो घेतला. मी कौस्तुभकडं पाहिलं. तो जागचा हलला नाही. आण्णा पुढं आले, पण वेणीपुढं त्यांचं काय चालणार? ते नुसते हात पुढं करून उभे राहिले. आणि शोभाताईंनी माझं कोपर सोडलं.

माइक मंचावर होता. त्या तिकडं वळल्या. त्यांनी एक पाऊल टाकलेलंही मी पाहिलं.

मग मला कसलीच फिकीर उरली नाही. जायचंच आहे तर बूट घालून जाऊ, असं म्हणून मी तिथंच गालिच्यावर मांडी घातली आणि बूट मांडीवर घेतला. पायातली वहाण पायातच बरी, असं जग म्हणतं. आमच्याकडं मात्र ती जन्माला मांडीवरच येते. मी वाद्या गोळा केल्या आणि वेणी घालायला लागले. पण बांगड्या आड येत होत्या आणि शंभर डोळे माझ्या हातांवर होते. दोन पेड बसले की तिसरा निसटत होता. सोडून पुन्हा घातली, पुन्हा निसटली. गाणं कुणीतरी बंद केलं आणि त्या शांततेत माझ्या बांगड्यांचा आवाज फार मोठा झाला.

"उलटी घालाय लागलीयास."

आवाज माझ्या ओळखीचा होता, पण ही भाषा त्या आवाजाची नव्हती. मी वर पाहिलं. शोभाताई माझ्या डोक्याशी उभ्या होत्या. माइकपर्यंत त्या गेल्याच नव्हत्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, फक्त माझ्या बोटांकडं बघत होत्या, आणि सदोष काम बघताना आईच्या कपाळावर जी आठी पडायची ती त्यांच्या कपाळावर होती.

"आतली बाजू वर आलीया. आन् कोरडी घालत्यात व्हय कुणी? आण हिकडं."

त्या खाली बसल्या. बनारसी शालू गुडघ्यांत खोचला, उजव्या पायातला उंच टाचेचा सँडल झटकून टाकला, बूट जमिनीवर ठेवला आणि मोकळ्या वाद्यांची मुळं पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत आवळून धरली. मग एकेक वादी उचलून तोंडात घेतली, दातांखालून ओली करून बाहेर काढली. ओठांची लिपस्टिक कातड्याला लागली. आणि मग बोटं चालायला लागली. मी आईची बोटं पाहिली होती, शेजारच्या काकूंची पाहिली होती. ही त्यांच्याहून चपळ होती. एक वर, एक खाली, ओढ, आवळ, आणि प्रत्येक पेड बसला की अंगठ्यानं त्यावर एक दाब. हे काही दुकानात गल्ल्यावर बसून शिकलेलं नव्हतं. ही बाई लहानपणापासून हेच करत मोठी झाली होती.

निम्मी वेणी झाली तरी आपण काय करतोय, हे त्यांना कळलं नसावं. मग चेअरमनबाईंनीच विचारलं, आणि त्यांच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं, "शोभाताई, तुम्हाला हो कुठं येतं हे?"

बोटं थांबली. शोभाताईंनी आधी स्वतःच्या हातांकडं पाहिलं, मग चिमटीत वाद्या धरलेल्या स्वतःच्या पायाकडं. चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांची राखण, आणि ती त्यांच्याच हातांनी उधळली होती. मला वाटलं, आता या उठतील आणि बाहेर निघून जातील. माझ्या साखरपुड्याचं मी विसरूनच गेले. या बाईला आता कुणीतरी वाचवावं, एवढंच वाटत होतं.

आण्णा पुढं झाले. "मघाशी खोलीत आमच्या पोरीनं शिकवलं की त्यास्नी," ते मोठ्यानं हसत म्हणाले. "लगीच हात बसला बघा. हुशार बाई हाईत."

आडोसा मिळाला होता. काही लोक हसलेही. चेअरमनबाई हो का, हो का म्हणाल्या. ज्या माणसाचा धंदा या बाईनं लपवायला लावला होता, त्यानंच आपल्या लेकीच्या नावावर खोटं बोलून तिला झाकलं होतं. शोभाताईंनी आण्णांकडं मान वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत, कारण हात सोडला असता तर वेणी सुटली असती.

"नाही," त्या चेअरमनबाईंना म्हणाल्या. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. "माझ्या आईनं शिकवलं. कापशीला. आम्ही सगळ्या बहिणी वेण्या घालायचो. माझं सगळं माहेर त्याच्यावर जेवलंय. आम्ही चपला करणारी माणसं आहोत."

दुसऱ्या रांगेतलं एक जोडपं उठलं आणि फोन आल्यासारखं करून बाहेर गेलं. ते पुन्हा दिसले नाहीत. चेअरमनबाई बसून राहिल्या, हातातली पर्स इकडून तिकडं करत. शोभाताई पुन्हा खाली वाकल्या. वेणी पुरी झाली होती, पण शेपूट कानाच्या भोकातून ओवून घ्यायचं तर दुसऱ्या कुणीतरी वेणी ताणून धरायला हवी होती. मी हात पुढं केला.

"तू नको," त्या म्हणाल्या. आणि मान न वळवता हाक मारली. "कौस्तुभ."

तो मंचाच्या पायथ्याशी तसाच उभा होता. त्याच्या मागं त्याच्या वडिलांचे साहेब होते, शेजारी ऑफिसातली आमची सगळी मंडळी होती. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. मी बुटाकडं बघत राहिले. तो आला नाही तर मी काय करणार आहे, हे माझं ठरलं होतं. बूट पायात चढवायचा, आण्णांचा हात धरायचा आणि पहिल्या गाडीनं कोल्हापूर गाठायचं. शोभाताईंनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

गालिच्यावर पावलं वाजली नाहीत. आधी निळ्या सुटाचा गुडघा दिसला, माझ्या पैठणीच्या काठाशी टेकलेला. मग त्याचा हात पुढं आला. त्याला कुठं धरायचं ते माहीत नव्हतं. आयुष्यात त्यानं ही गोष्ट हातात घेतलीच नव्हती. आईनं त्याची दोन बोटं पकडली, वेणीवर नेमकी ठेवली, आणि माझ्या अंबाड्यातली एक पिन उपसून कानाच्या भोकात घातली.

"घट्ट धर रं," त्या म्हणाल्या. "आता सुटली तर पयल्यापास्नं घालाय लागंल."

त्यानं धरली.